आजारातील थकवा आणि शक्तीची वाटणी : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रास्ताविक

रुग्णांच्या तक्रारींमध्ये थकव्याची तक्रार फार मोठ्या प्रमाणावर आढळते. तथापि तिची दखल फारच थोडी घेतली जाते. ताप अंशांत मोजता येतो, सूज बोट दाबून पाहता येते, खोकला शेजारच्या खोलीतही ऐकू जातो. थकवा मात्र ज्याचा त्यालाच ठाऊक असतो, आणि तो दुसऱ्याला पटवून द्यावा लागतो. क्षय, रक्तक्षय, मधुमेह, हृदयाची दुर्बलता, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग व त्यावरील उपचार, तसेच कित्येक विषाणुजन्य ज्वर या सर्वांत थकवा हे प्रमुख लक्षण असते. मूळ रोग आटोक्यात आल्यानंतरही ते अनेकदा मागे रेंगाळते.

या तक्रारीवर आपल्याकडे दोन प्रकारचे सल्ले दिले जातात. एक, 'पूर्ण विश्रांती घ्या'. दुसरा, 'उठून कामाला लागा, म्हणजे बरे वाटेल'. हे दोन्ही सल्ले अपुरे आहेत व प्रसंगी अपायकारकही ठरतात. थकव्याचे कारण शोधणे, त्याचे माप ठेवणे आणि उरलेल्या शक्तीची विचारपूर्वक वाटणी करणे हा तिसरा मार्ग आहे. ही वाटणी एकट्या रुग्णाच्या हाती नसते. ती त्याच्या घराच्या, कामाच्या व मजुरीच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या विषयाचे विवेचन पुणे जिल्ह्याच्या बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात केले आहे. कालव्याची शेती, साखर कारखाने, दुधाचा जोडधंदा आणि औद्योगिक वसाहत हे सर्व एका टापूत असल्यामुळे शरीरश्रम व आजार यांचा संबंध तपासण्यास हा प्रदेश विशेष उपयुक्त आहे.

२. शब्द आणि संकल्पना

प्रथम भाषेचा विचार करू. आयुर्वेदात 'श्रम' आणि 'क्लम' असे दोन भिन्न शब्द आहेत. कष्टामुळे येतो तो श्रम. कष्ट न करता देहाला जो शीण येतो, ज्यात धाप लागत नाही परंतु इंद्रिये आपापल्या विषयांत रमत नाहीत, त्याला सुश्रुताने क्लम म्हटले आहे. आधुनिक वैद्यक ज्याला आजारातील थकवा म्हणते त्याची ही जवळजवळ तंतोतंत व्याख्या होय. दिवसभर काम करून आलेला श्रम रात्रीच्या झोपेने उतरतो; क्लम झोपेने उतरत नाही, हा दोहोंतील व्यवहारातला भेद आहे.

बोलभाषेतही हे भेद सूक्ष्मपणे टिकून आहेत. 'दम लागतो', 'अंगात त्राण नाही', 'हातपाय गळाले', 'अंग मोडून येते', 'ग्लानी येते', 'मरगळ आली', 'कशात मन लागत नाही' ही सारी वाक्ये एकाच अर्थाची नाहीत. चढावर दम लागणे हे हृदय, फुप्फुसे अथवा रक्त यांच्याकडे बोट दाखविते. अंग मोडून येणे तापाकडे. ग्लानी ही साखर उतरल्याची किंवा औषधाच्या गुंगीची खूण असू शकते. मन न लागणे हे खिन्नतेचे लक्षण असू शकते. ही वाक्ये म्हणजे निदान नव्हे. तरीही रुग्णाने 'थकवा' म्हटल्यावर तेवढ्यावर न थांबता 'म्हणजे नेमके काय होते?' असे विचारले, तर निदानाची दिशा पुष्कळदा त्याच्याच शब्दांतून मिळते.

३. थकवा का येतो

थकव्याचे एकच कारण नसते. विवेचनाच्या सोयीसाठी त्याचे चार गट करता येतील.

पहिला गट प्राणवायूच्या वाहतुकीचा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर ते रक्त सुमारे १६ मिलिलिटर प्राणवायू नेऊ शकते. ७ ग्रॅमच असेल तर सुमारे साडेनऊ. अशा स्त्रीला तेच ओझे उचलण्यासाठी हृदयाचे ठोके वाढवावे लागतात, आणि वाढीची मर्यादा लवकर गाठली जाते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ज्याला आपण 'बायकांचे नेहमीचे रडगाणे' म्हणून बाजूला सारतो, त्याच्या मुळाशी अनेकदा एवढे साधे गणित असते.

दुसरा गट दाहाचा. जंतूंचा संसर्ग झाला की प्रतिकार करणाऱ्या पेशी काही संदेशद्रव्ये सोडतात. ती मेंदूपर्यंत पोहोचली की भूक मंदावते, झोप येते, हालचाल नकोशी होते. आजारी जनावर कोपऱ्यात निपचित पडून राहते, हे शेतकऱ्याला नवे नाही. बेंजामिन हार्ट या पशुवैद्यक संशोधकाने १९८८ मध्ये असे प्रतिपादन केले की, हे वर्तन म्हणजे केवळ शक्तिपात नसून संसर्गाशी झुंजण्यासाठी शक्ती वाचविण्याची शरीराची एक सुसंघटित योजना आहे. संसर्ग अल्पकाळ टिकणारा असेल तर ही योजना हिताची असते. दाह महिनोन्महिने चालू राहिला म्हणजे मात्र तीच रुग्णाला पांगळे करते.

तिसरा गट स्नायूंच्या ऱ्हासाचा. अंथरुणावर पडून राहिल्याने, अन्न कमी पडल्याने वा रोगाच्या झिजेने स्नायू घटतात. मग चार पावले चालणेही पूर्वीच्या मैलाइतके भासते.

चौथा गट इतर कारणांचा : अपुरी झोप, वेदना, खिन्नता, गलग्रंथीची मंदता, रक्तदाबावरील काही औषधे, सर्दीच्या गोळ्या. मधुमेहाचे इंजेक्शन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशीपोटी शेतात गेलेल्या माणसाचा 'थकवा' हा वस्तुतः रक्तातील साखर उतरल्याचा इशारा असतो, आणि तो तासांत नव्हे, मिनिटांत गंभीर होऊ शकतो.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. थकव्याशी जुळवून घेण्यापूर्वी थकव्याची तपासणी झाली पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला वा ताप, नकळत घटणारे वजन, बसल्याजागी लागणारी धाप, छातीतील कळ, भोवळ, काळी शौचास होणे किंवा अकस्मात आलेला अपूर्व शक्तिपात, यांपैकी काहीही असेल तर वाटणीचा विचार मागाहून, प्रथम वैद्य.

४. विश्रांतीच्या उपचाराचा इतिहास

विश्रांतीविषयी आजच्या कल्पना समजण्यासाठी तिच्या इतिहासाकडे पाहणे आवश्यक आहे. क्षयावर औषध नव्हते त्या काळात आरोग्यधाम हाच उपचार होता. मिरजेजवळील वान्लेसवाडीचे आरोग्यधाम आपल्याकडील सुपरिचित उदाहरण. मोकळी हवा, सकस अन्न आणि दीर्घ विश्रांती ही त्याची त्रिसूत्री. त्या काळातही सर्वांचे यावर एकमत नव्हते. इंग्लंडमधील फ्रिमली येथे मार्कस पॅटर्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी निवडक क्षयरुग्णांना प्रथम चालणे, मग टोपल्या वाहणे, मग फावड्याने काम करणे, अशा क्रमाने वाढते श्रम द्यावयास प्रारंभ केला होता.

या वादाला निर्णायक वळण दिले ते भारतातील एका प्रयोगाने. मद्रास येथील क्षयोपचार केंद्राने १९५६ मध्ये १९३ रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाला आरोग्यधामात, दुसऱ्याला त्यांच्या दाटीवाटीच्या घरी तीच औषधे वर्षभर देण्यात आली. घरच्या रुग्णांना अन्न निकृष्ट मिळत होते व विश्रांती कमी. तरीही १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांच्या रोगमुक्तीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. रोग बरा करतात ती औषधे. विश्रांती हे औषध नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. याचा अर्थ अन्न अनावश्यक आहे असा कोणी घेऊ नये. झारखंडमधील क्षयरुग्णांवर २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिधा मिळून पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले.

हृदयविकारातही असेच घडले. झटक्यानंतर अनेक आठवडे अंथरुणावर निश्चल ठेवण्याची रीत होती. सॅम्युअल लेव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी १९५२ मध्ये रुग्णाला लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. निरोगी विशीतल्या तरुणांची ही अवस्था. मग वृद्ध रुग्णाची काय होत असेल याची कल्पना करता येते. कर्करोगाच्या थकव्यावर बेताचा, नियमित व्यायाम उपयोगी पडतो, हेही आता अनेक प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

परंतु येथेही सरसकट नियम करता येत नाही. काही रुग्णांमध्ये, विशेषतः विषाणुजन्य आजारानंतरच्या दीर्घकालीन थकव्यात, श्रमाचा परिणाम उलटा होतो. आज थोडे अधिक काम केले की उद्या अथवा परवा प्रकृती एकदम ढासळते, आणि ती सावरण्यास कित्येक दिवस लागतात. या अनुभवाची दखल घेऊन ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये दीर्घकालीन थकव्याच्या या विकारासाठी क्रमशः वाढत्या व्यायामाची शिफारस मागे घेतली. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने कोविडोत्तर अवस्थेची व्याख्या प्रसिद्ध केली. आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी आढळणाऱ्या व किमान दोन महिने टिकणाऱ्या लक्षणांत थकव्याला तिने अग्रस्थान दिले.

सारांश, विश्रांती व श्रम हे दोन्ही मात्रेने द्यावयाचे पदार्थ आहेत, आणि मात्रा रोगागणिक बदलते.

५. शक्तीची वाटणी

मात्रा ठरवावयाची कशी, हे समजण्यासाठी या भागातील एका परिचित गोष्टीचा आधार घेता येईल. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सुरू झाला. पाणी मर्यादित आणि उसाची तहान मोठी. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुरस्कारलेली ब्लॉक पद्धती या कालव्यावर अमलात आली. ठरविलेल्या तुकड्याच्या साधारण तृतीयांश भागातच ऊस, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके, आणि पाणी ठरलेल्या पाळीने, अशी तिची योजना होती. दुसऱ्या बाजूने पाहता, पाणी अतोनात दिले म्हणजेही जमीन सुधारत नाही. ती पाणथळ होते, क्षार वर येतात. नीरा खोऱ्यातील अशा खारवट जमिनींविषयी हॅरल्ड मॅन व ताम्हणे यांनी १९१० मध्येच लिहून ठेवले आहे.

आजारी माणसाच्या शक्तीचेही असेच आहे. ती मर्यादित असते. एकाच कामाने सारी ओढून घेतली तर इतर कामे कोरडी राहतात. आणि अति विश्रांतीने शरीर पाणथळ रानासारखे निकामी होते. या दृष्टीने पुढील पाच गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट नोंदीची. एक आठवडाभर कोणते काम केव्हा केले आणि त्यानंतर, तसेच दुसऱ्या दिवशी कसे वाटले, हे लिहून ठेवावे. लिहिता येत नसेल तर मुलाने लिहावे. श्रमाचे माप साधे आहे. काम करताना सलग बोलता येत असेल तर श्रम सौम्य. वाक्य तोडून बोलावे लागत असेल तर मध्यम. बोलणेच थांबत असेल तर जड.

दुसरी गोष्ट कामांच्या निवडीची. प्रत्येक काम चार प्रश्नांतून जावे : हे आज झालेच पाहिजे का? ते मीच केले पाहिजे का? ते बसून किंवा अर्धे-अर्धे करता येईल का? ते मुळीच न केल्यास काय बिघडेल?

तिसरी गोष्ट विसाव्याची. संत तुकाराम महाराजांची पालखी उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर व सराटी या मुक्कामांवरून पंढरीकडे जाते. मुक्कामांच्या दरम्यान विसाव्याची ठिकाणे आधीच ठरलेली असतात. वारकरी थकला म्हणून विसावा येत नाही; विसाव्याचे ठिकाण आले म्हणून तो बसतो, आणि म्हणूनच पुढे चालू शकतो. रुग्णानेही गळून पडेपर्यंत थांबू नये. अर्ध्या तासाच्या कामानंतर दहा मिनिटे, असा विसावा घड्याळाने घ्यावा.

चौथी गोष्ट चांगल्या दिवसाची. साठलेली कामे एकाच दिवशी उरकण्याचा मोह ज्या दिवशी बरे वाटते त्याच दिवशी होतो, आणि त्याचा दंड पुढील तीन दिवस भरावा लागतो. चांगल्या दिवशीही नेहमीच्या मापाहून थोडेच अधिक करावे. दुसऱ्या दिवशी प्रकृती स्थिर राहिली, तरच ते माप कायम करावे.

पाचवी गोष्ट झोप व आहाराची. रात्रीची झोप ठराविक वेळी. दुपारची विश्रांती अर्ध्या-पाऊण तासाची. दिवसातून दोनदा पोटभर जेवण्याऐवजी थोडे-थोडे चारदा खाणे दुर्बल माणसाला सोसते. रक्तक्षयाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. चहामुळे लोहाचे शोषण घटते.

६. एका दिवसाचे उदाहरण

हे नियम कागदावर सोपे वाटतात. ते प्रत्यक्षात कसे उतरतात हे पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. इंदापूर तालुक्यातील, कालव्याच्या शेपटाकडील गावात राहणारी पस्तीस वर्षांची स्त्री. हिमोग्लोबिन ७ ग्रॅम. अतिरिक्त रक्तस्रावाची तपासणी झालेली असून लोहाचे उपचार सुरू झालेले आहेत. उपचार सुरू झाल्यावर हिमोग्लोबिन साधारणतः तीन-चार आठवड्यांत एक ते दोन ग्रॅमने वाढते. म्हणजे निदान दोन-तीन महिने तिला अपुऱ्या रक्तानिशी संसार रेटावयाचा आहे. प्रश्न या दोन-तीन महिन्यांचा आहे.

तिचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. पाणी भरणे, शेण काढणे, गाईंची धार, दूध डेअरीला पोहोचविणे, सहा माणसांच्या भाकऱ्या, मुलांच्या शाळेची तयारी, धुणे. अकरा ते पाच दुसऱ्याच्या रानात खुरपणी. परतताना गवताचा भारा. संध्याकाळी पुन्हा धार, पुन्हा स्वयंपाक. डॉक्टरांनी 'विश्रांती घ्या' असे सांगितले आहे. या दिवसात विश्रांती बसवावयाची कोठे?

कामांची वर्गवारी केली म्हणजे चित्र थोडे बदलते. धारेची वेळ टळत नाही. गाय आजारपण जाणत नाही. परंतु धार तिनेच काढली पाहिजे असेही नाही. पाणी भरणे, शेण काढणे आणि गवताचा भारा ही तिन्ही कामे जड श्रमाची. हे काम पती वा मोठ्या मुलाकडे जाणे अगत्याचे आहे. भाकऱ्या बसून थापता येतात. सकाळीच दोन्ही वेळच्या करता येतात. धुणे एक दिवसाआड, आणि ज्या दिवशी खुरपणी नाही त्याच दिवशी. खुरपणी पूर्ण थांबविली तर रोज बुडतो. म्हणून ती आठवड्यातील तीन दिवस, तीही उन्हाच्या आधीच्या वेळात, मध्ये बांधावर बसून ठरलेले विसावे घेत, असे करता येईल. या पर्जन्यछायेच्या मुलखात उन्हाळ्याची दुपार निरोगी माणसालाही जड जाते. रक्तक्षयी स्त्रीने ती वेळ टाळलीच पाहिजे.

या फेरवाटणीत तिच्या शक्तीत काहीच भर पडलेली नाही. गेले ते फक्त जड व अनावश्यक श्रम. परंतु त्यासाठी घरातील दोन माणसांना आपला दिवस बदलावा लागला, आणि आठवड्यातील तीन दिवसांची मजुरी सोडावी लागली. सल्ला देणाऱ्याने हा खर्च प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. तो न मांडता दिलेला विश्रांतीचा सल्ला म्हणजे रुग्णावर टाकलेले आणखी एक ओझे होय.

७. विश्रांती कोणाच्या हाती?

वरील स्त्रीला निदान आपले घर आणि आपला दिवस होता. ज्यांना तेवढाही नाही त्यांचा विचार आता केला पाहिजे.

दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडणी कामगारांच्या खोप्या उभ्या राहतात. त्यांतील पुष्कळजण बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून येतात. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' धरला जातो, आणि हंगामापूर्वीच मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते. काम पहाटे अंधारात सुरू होते : ऊस तोडणे, साळणे, मोळी बांधणे, डोक्यावरून वाहून वाहनात भरणे; वाहन रात्री आले तर भरणीही रात्री. एकजण आजारी पडला की कोयता मोडतो. त्या दिवसाचा 'खाडा' धरला जातो आणि अनेक ठिकाणी त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. या व्यवस्थेत विश्रांतीची किंमत शून्य नसून उणे असते. विसावा घेणारा केवळ मिळकत गमावत नाही, तर त्याच्या कर्जात भर पडते.

याचा परिणाम किती टोकाला जाऊ शकतो हे बीड जिल्ह्यात दिसून आले. राज्य शासनाने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोडणी कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक आहेत. त्यांत वैद्यकीय व्यवहाराचे दोषही आहेत. परंतु मासिक रक्तस्राव, वेदना व थकवा यांसाठी दोन दिवस बसावयास मिळत नाही, म्हणून तो अवयवच काढून टाकणे जेथे सोयीचे वाटू लागते, तेथे प्रश्न शरीराचा राहत नाही. तो कराराचा होतो. चरकाने श्रम हरण करणाऱ्या दहा द्रव्यांत उसाची गणना केली आहे; तो ऊस तोडणाऱ्या हातांना मात्र श्रमपरिहार दुर्मिळ आहे.

कारखान्यातील व औद्योगिक वसाहतीतील नोकरवर्गाची स्थिती तुलनेने बरी. कर्मचारी राज्य विमा योजनेत येणाऱ्या कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सुमारे ७० टक्के भत्ता मिळतो. क्षयासारख्या दीर्घ रोगांसाठी मुदत वाढते. क्षयरुग्णाला पोषणासाठी शासनाकडून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. या रकमा अल्प आहेत. तरीही विश्रांतीला जे आर्थिक बळ लागते त्याची ही सुरुवात आहे.

अंतराचाही विचार करावा लागतो. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी चार तास रक्तशुद्धी करून घेणाऱ्या रुग्णाला उपचारानंतर विलक्षण गळाठा येतो. इंदापूरहून पुणे सुमारे १४० किलोमीटर दूर. असा प्रवास आठवड्यातून अनेकदा करावा लागला तर उपचारच थकव्याचे कारण बनतो. बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा सोयी जवळ येण्याचे मोल केवळ खाटांच्या संख्येत मोजू नये; रुग्णाची वाचलेली शक्ती हाही त्याचा लाभ आहे.

घरातील वागणुकीचा उल्लेखही आवश्यक आहे. 'दिसायला तर धडधाकट आहे', 'पडून राहिल्याने अंग जड होते', 'आमच्या वेळी कोण बसत होते?' ही वाक्ये दुष्टपणाने उच्चारली जात नाहीत. कष्ट हेच चारित्र्याचे माप मानणाऱ्या समाजात थकवा हा आळसाचा सख्खा भाऊ समजला जातो. परिणामी रुग्ण आपला थकवा लपवितो, शक्तीबाहेर राबतो आणि मग अंथरूण धरतो. आळशी माणसाला काम नको असते. थकलेल्या रुग्णाला काम हवे असते, ते होत नाही म्हणून तो कष्टी असतो. डॉक्टरांनी हा भेद रुग्णाला एकट्याला न सांगता, सासू, पती अथवा मुलगा यांच्या समक्ष सांगितला, तर त्याचा उपयोग औषधाइतका होऊ शकतो.

८. अभ्यासकांपुढील काही प्रश्न

या विषयात संशोधनाला मोठा वाव आहे. तथापि साधनांविषयी सावध राहिले पाहिजे. १९८९ मध्ये तयार झालेली नऊ प्रश्नांची थकवा-तीव्रता मापनी पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. तीत व्यायामाने थकवा येतो का, अशा आशयाचे विधान आहे. दिवसभर खुरपणी करणाऱ्या स्त्रीला 'व्यायाम' या शब्दाचा काय बोध होणार? तिने 'नाही' म्हटले तर ते उत्तर थकव्याविषयीचे नसून शब्दाविषयीचे असेल. म्हणून परक्या मापनीचे शब्दशः मराठीकरण पुरेसे नाही. 'भरलेली घागर डोक्यावर घेतल्यावर मध्ये किती वेळा थांबावे लागते?', 'भाकरी थापताना उठावेसे वाटते का?', 'काल खुरपणी झाली तर आज कसे असते?' असे त्या जीवनातून घेतलेले प्रश्न प्रथम जमवावे लागतील, व मग त्यांची विश्वसनीयता तपासावी लागेल. दुसऱ्या परिच्छेदात दिलेली बोलीतील वाक्ये कोणत्या रोगात किती वेळा उच्चारली जातात, याची पद्धतशीर नोंद हाही एक स्वतंत्र प्रबंधाचा विषय ठरू शकेल.

दुसरा प्रश्न हंगामाचा. गळीत हंगामात घेतलेले माप व पावसाळ्यात घेतलेले माप यांची सरसकट तुलना करता येणार नाही. तिसरा प्रश्न वाटणीचा. रुग्णाने सोडलेले काम घरात कोणाकडे जाते? ते दहा-बारा वर्षांच्या मुलीकडे जात असेल, तर एका व्यक्तीची प्रकृती सुधारताना दुसरीची शाळा बुडते आहे. रुग्णापुरते मोजमाप घेणाऱ्या अभ्यासात हे दिसणारच नाही. म्हणून मोजणीचे एकक व्यक्ती न धरता कुटुंब धरावे, आणि ऊसतोडणी कामगारांच्या बाबतीत कोयता धरावा, असे सुचवावेसे वाटते.

आजारातील थकवा पूर्णपणे नाहीसा करणे पुष्कळदा वैद्याच्या हाती नसते. त्याचे कारण शोधणे, त्याला खरे मानणे आणि उरलेली शक्ती कोठे खर्चावी हे ठरविण्याचा अधिकार रुग्णाला मिळवून देणे, एवढे मात्र वैद्य, कुटुंब व समाज यांना मिळून करता येण्यासारखे आहे. कालव्याचे पाणी शेपटाकडील शेवटच्या शेतापर्यंत पोहोचते की नाही, यावरून पाळीची परीक्षा होते. विश्रांतीच्या व्यवस्थेची परीक्षाही खोपीत राहणाऱ्या आजारी माणसापर्यंत ती पोहोचते की नाही, यावरूनच करावी लागेल.